बॅनरवरची ती एक ओळ तेवढी बदला

प्रति,
खान्देशात दम्याची शिबिरं भरवणारी मंडळं, तिथं बसणारे डॉक्टर, घरोघर निरोप देणाऱ्या आशाताई आणि औषधांची खोकी पाठवणारे मेडिकलवाले भाऊ यांस,

सप्रेम नमस्कार.

मे महिन्यातला पहिला मंगळवार म्हणजे जागतिक दमा दिन. त्या आठवड्यात आमच्या अमळनेर तालुक्यात एका गावी शिबिर होतं, तिथं मी भाचीला घेऊन गेले होते. मांडव, थंड पाण्याचे जार, फुंकर मारायचं मशीन, नाव लिहून घ्यायला कॉलेजची पोरं, सगळं जिथल्या तिथं. तसल्या उन्हात दुपारपर्यंत शे-दीडशे छात्या तपासणाऱ्या डॉक्टरांबद्दल मला आदरच आहे. माझं भांडण आहे ते मांडवाच्या तोंडाशी टांगलेल्या बॅनरशी. त्यावर हातभर लाल अक्षरांत छापलं होतं, ‘प्रतिकारशक्ती वाढवा, दमा पळवा!’ आणि शेजारच्या टेबलावर कसल्याशा पावडरीचे डबे विकायला मांडलेले. त्यांच्यावरही तेच.

मी एकतीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. ही ओळ उत्तरपत्रिकेत आली असती तर मी शून्य दिलं नसतं, उणे गुण द्यायची सोय आहे का ते विचारलं असतं. कारण उत्तर नुसतं चुकलेलं नाही, ते उलट्या दिशेला गेलेलं आहे.

दमेकऱ्याची प्रतिकारशक्ती कमी नसते. ती नको तिथं, नको तेवढी धावते. आपल्याकडे केळीच्या बागेत रात्री खुडबुड झाली की रानडुक्कर आलं म्हणून बोंब उठते आणि सगळी आळी काठ्या-बॅटऱ्या घेऊन धावते. डुक्कर खरंच असेल तर ठीक. पण वाऱ्यानं एक वाळकं पान हललं म्हणून पन्नास माणसं बागेत घुसली तर सकाळी नासधूस डुकरानं केलेली नसते. अशा वेळी एखादा जाणता आप्पा लागतो, जो दोन हात वर करून म्हणतो, ‘काही नाही रे, चला घरी.’ दम्यात माणसं कमी पडत नाहीत, हा आप्पा कमी पडतो. बॅनर मात्र सांगतं की आणखी शंभर माणसं बोलवा.

आता हे उपमेत न ठेवता सांगते, कारण शिबिरात नेमकं इथंच सगळे घाई करतात.

आपल्या श्वासनळीला आतून पेशींचं अस्तर असतं. धुळीतले बारीक किडे, बुरशी, परागकण, सर्दीचे विषाणू त्यावर येऊन पडले की अस्तरातून धोक्याचे रेणू सुटतात. टीएसएलपी, इंटरल्युकिन-२५, इंटरल्युकिन-३३ ही त्यांची नावं. पेशी एकमेकींना निरोप धाडतात ते असल्या छोट्या प्रथिनांमधून. त्यांना सायटोकाइन म्हणतात. हा पहिला निरोप पोचला की टी-पेशींची (या प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) एक तुकडी पुढचे तीन निरोप सोडते : इंटरल्युकिन-४, ५ आणि १३. (चार-पाच-तेरा, हे आकडे मी वर्गात मटक्याच्या आकड्यांसारखे पाठ करून घ्यायचे. मुख्याध्यापकांना ते आवडायचं नाही.) चार नंबर आयजीई नावाची, ॲलर्जी पेटवणारी प्रतिद्रव्यं तयार करायला लावतो, पाच नंबर इओसिनोफिल नावाच्या, सूज वाढवणाऱ्या पांढऱ्या पेशींना पोसतो, तेरा नंबर चिकट कफ वाढवतो आणि नळी इतकी हळवी करतो की फोडणीच्या ठसक्यानंसुद्धा ती आवळते. प्रत्येकाचा दमा याच वाटेनं जातो असं नाही, काहींत इओसिनोफिल फारसे नसतातच. पण लहानपणी सुरू होणारा ॲलर्जीचा दमा बहुधा याच वाटेचा.

आणि आप्पा? त्याचं शास्त्रातलं नाव इंटरल्युकिन-१०. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांना तो सापडला तेव्हा त्याला दिलेलं नावच मुळी ‘सायटोकाइन बनणं रोखणारा घटक’ असं होतं. गंमत अशी की ज्या जातीच्या टी-पेशी दम्यात चार-पाच-तेरा सोडतात, त्याच जातीच्या पेशींत तो पहिल्यांदा दिसला. पुढं कळलं की तो जंतू गिळणारे मॅक्रोफेज, प्रतिद्रव्यं बनवणाऱ्या बी-पेशी आणि इतरांना आवरणाऱ्या नियंत्रक टी-पेशीही बनवतात. या नियंत्रक पेशींचा शोध लावल्याबद्दल २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मेरी ब्रंकाओ, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळालं. साकागुचींनी १९९५ मध्ये या पेशी दाखवल्या तेव्हा बऱ्याच जणांना त्या असतील यावर विश्वासच नव्हता. शरीर लढतं कसं हे सगळ्यांना शिकायचं असतं, थांबतं कसं हे कुणाला विचारावंसं वाटत नाही. आमच्या पाठ्यपुस्तकांचीही तीच गत.

इंटरल्युकिन-१० करतो काय? परक्या वस्तूचा तुकडा टी-पेशीपुढं नाचवणाऱ्या डेंड्रायटिक पेशीला तो गप्प करतो. इओसिनोफिलचं आयुष्य कमी करतो. बी-पेशींना आयजीईऐवजी आयजीजी-४ नावाचं शांत प्रतिद्रव्य बनवण्याकडे वळवतो. मधमाश्या पाळणाऱ्यांना हंगामात डंखावर डंख बसतात, तरी त्यातल्या बहुतेकांना पुढं फारसं काही होत नाही. त्यांचं रक्त तपासलं तेव्हा डंखांच्या हंगामात इंटरल्युकिन-१० सोडणाऱ्या टी-पेशी वाढलेल्या दिसल्या. उलट १९९६ मध्ये दमेकऱ्यांची फुफ्फुसं खारट पाण्यानं धुऊन ते पाणी तपासलं, तर त्यात हा रेणू निरोगी माणसांपेक्षा कमी भरला. पुढच्या सगळ्या अभ्यासांत असं सरळ चित्र आलेलं नाही, तेही सांगायला हवं.

त्याचे जोडीदारही आहेत. सूज भडकवणाऱ्या इंटरल्युकिन-१ चा एक तोतया असतो, तो खऱ्याच्या कुलपात स्वतः जाऊन बसतो आणि खऱ्याला दार उघडू देत नाही. टीजीएफ-बीटा हा दुसरा जोडीदार मात्र दुतोंडी. एका तोंडानं तो सूज शमवतो, दुसऱ्या तोंडानं डागडुजी काढतो. घराच्या भिंतींना दरवर्षी आतून गिलावा चढवत गेलं तर भिंत जाड होते आणि खोली लहान होते. वर्षानुवर्षं सुजत राहिलेल्या श्वासनळीचं तसंच होतं. म्हणून ‘दम लागेल तेव्हा बघू’ हे चालत नाही. दम लागत नसतो तेव्हाही आत गवंडी कामावर असतो.

मग आप्पालाच सुईतून का देत नाहीत, असं भाचीनं मला विचारलं. प्रश्न चोख होता. इंटरल्युकिन-१० कारखान्यात बनवून आतड्यांच्या सुजेच्या रुग्णांना देऊन पाहिलं, पण अपेक्षेएवढा गुण आला नाही. रक्तात तो फार वेळ टिकत नाही, आणि शरीरभर सगळ्यांनाच ‘घरी चला’ सांगणंही बरं नाही. खरं डुक्कर आलं तर? मॅक्रोफेजला तो जंतू मारण्यापासूनही रोखतो, आणि क्षयाचे जंतू मॅक्रोफेजच्या आतच लपून राहतात. आपल्या भागात क्षय काही इतिहासजमा झालेला नाही. तेव्हा आप्पा हवा तो श्वासनळीतच, आणि तिच्याच पेशींनी बनवलेला.

त्याची सोय आहे, आणि ती तुमच्या शिबिराच्या टेबलावर होती. लोक जिला ‘दुसरा पंप’ म्हणतात ती, स्टेरॉईडची. १९५० चं नोबेल ज्या कॉर्टिसोनवर मिळालं त्याचीच ही नातवंडं, पण नळीपुरती. श्वासातून गेलेलं स्टेरॉईड पेशीच्या केंद्रकात शिरून चार-पाच-तेरा यांची पैदास कमी करतं. शिवाय दमेकऱ्यांच्या फुफ्फुसातल्या मॅक्रोफेजकडून इंटरल्युकिन-१० जास्त बनायला लागतो, हे १९९८ च्या सुमारास दिसून आलं. जे थोडे रुग्ण स्टेरॉईडला दाद देत नाहीत, त्यांच्या टी-पेशी प्रयोगशाळेत नेमका हाच रेणू पुरेसा बनवत नाहीत असं आढळलं. लंडनच्या एका चमूनं २००६ मध्ये त्या पेशींना ‘ड’ जीवनसत्त्व दिलं आणि त्या पुन्हा बनवू लागल्या. सगळ्यांना आनंद झाला. पण २०१४ मध्ये अमेरिकेत ‘ड’ कमी असलेल्या दमेकऱ्यांना ते देऊन पाहिलं, तर दमा बिघडायचं प्रमाण त्यानं कमी झालं नाही. बशीतली पेशी आणि माणूस यांत अंतर असतं. पावडरीचे डबे विकणाऱ्यांकडं तर बशीतलाही पुरावा नव्हता.

निळा पंप, म्हणजे दम लागला की लगेच मारायचा तो, यातलं काहीच करत नाही. तो आवळलेला स्नायू सैल करतो, नळी मोकळी होते, माणूस उठून बसतो. अटॅकमध्ये तोच जीव वाचवतो, तो जवळ असलाच पाहिजे. पण आत आग तशीच, दार तेवढं उघडलेलं. म्हणूनच जागतिक दमा उपक्रमानं (जीना) २०१९ पासून मोठ्या माणसांना आणि किशोरांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नका असं सांगितलं आहे. डॉक्टर मंडळींना हे माहीत आहे, मी नवीन काही सांगत नाही. लोकांना माहीत नाही, आणि बॅनर लोकांसाठी असतं.

आता भाचीचं सांगते. तिला शिबिरात दोन्ही पंप मिळाले, नीट. माझ्या वहिनीनं शेजारच्या टेबलावरून पावडरीचा डबाही घेतला. घरी आल्यावर घरात मत पडलं की पंपात स्टेरॉईड आहे, पावडर प्रतिकारशक्तीची आहे, बॅनरवर डॉक्टरांनीच लिहिलंय, मग पावडरच बरी. शिवाय पोरीला स्थळं येताहेत. पंप दिसला तर बोभाटा होईल. माझी माय तर सरळ म्हणाली, ‘पंपनी सवय लागी जास.’

दिवाळीनंतर वेचणीचा कापूस घरात आला. भाव पडलेले, म्हणून विकायचा नाही, ठेवायचा. आपल्याकडे कापूस ठेवतात कुठं हे तुम्हाला ठाऊक आहे : पुढच्या खोलीत, पार आढ्यापर्यंत, आणि त्याच्या पायथ्याशी माणसांची अंथरुणं. तिसऱ्या रात्री पोरगी उठून बसली. ‘आत्या, दम लागी ऱ्हायना,’ एवढं म्हणायला तिला तीन श्वास लागले. गळ्याच्या खळग्यात कातडी आत ओढली जात होती. निळा पंप रिकामा होता. मोटारसायकलवर मध्ये बसवून तालुक्याला नेलं, वाफ दिली, सलाईन लावलं, पहाटे तिचा चेहरा माणसात आला.

घरी परतल्यावर मी तिच्या कपाटात दुसरा पंप शोधला. साड्यांच्या घडीखाली, रुमालात गुंडाळून, वरून रबर. त्याच्या पाठीवर एक छोटी खिडकी असते, किती फवारे उरले ते दाखवणारी. मेमध्ये १२० होतं. नोव्हेंबरात ११८. त्यातला एक डॉक्टरांनी मांडवात शिकवताना मारून घेतला होता.

त्या दोन आकड्यांमध्ये तुमच्या बॅनरची ओळ आहे, म्हणून हे पत्र.

स्टेरॉईडची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. वर्षानुवर्षं गोळ्या खाल्लेल्यांची सुजलेली तोंडं आणि ठिसूळ हाडं आपण पाहिलीत. पण हिशोब करून सांगा ना लोकांना. अटॅकमध्ये देतात ती गोळी ४० मिलिग्रॅम, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम. पंपाचा एक फवारा २०० मायक्रोग्रॅम. तसल्या एका गोळीच्या वजनात दोनशे फवारे बसतात. दोन औषधं एकसारखी नाहीत, वजनाला वजन तोलून सगळं कळत नाही. पण बाजारहाट करणाऱ्या बाईला एवढा आकडा पुरतो. फवाऱ्यानंतर गुळणी करून थुंकायचं, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते. मांडवात गुळणीसाठी पाणी होतं, पण गुळणी करा असं कुणी सांगितलं नाही. आणि ज्या पुड्यांनी ‘एका दिवसात गुण’ येतो, त्यांत गुपचूप स्टेरॉईड कालवलेलं सापडल्याचे प्रकार देशात कितीदा उघडकीला आलेत. स्टेरॉईडला घाबरून माणूस नेमका तिथं जातो आणि मापाबाहेर खातो.

शिबिरात एका शेतकरी भावानं डॉक्टरांना विचारलं होतं, ‘गोठ्यात वाढलेल्या पोरांना दमा होत नाही म्हणतात, मग माझ्याच पोराला कसा?’ रांग मोठी होती, उत्तर राहून गेलं. भाऊ, तुमचं ऐकीव खरं आहे, पण अर्धं. अमेरिकेत आमिश आणि हटराइट नावाचे दोन शेतकरी समाज आहेत. मूळ जवळजवळ एकच, पण आमिश लोक जुन्या पद्धतीनं घराला लागून गुरं पाळतात, हटराइटांची शेती मोठी, यंत्रांची, घरापासून लांब. २०१६ च्या अभ्यासात आमिश मुलांत दमा ५ टक्के, हटराइट मुलांत २१ टक्के निघाला, आणि आमिश घरांतल्या धुळीत जंतूंच्या कवचाचं विष, म्हणजे एंडोटॉक्सिन, जवळजवळ सातपट होतं. त्याच्या आदल्या वर्षी बेल्जियमच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की शेतातली धूळ आधीपासून थोडी थोडी मिळत गेली तर श्वासनळीच्या अस्तरात ए-२० नावाचं प्रथिन तयार होतं, आणि ते अस्तराला बोंब मारूच देत नाही. पेशींच्या आतला आप्पाच म्हणा.

पण ती धूळ लवकर मिळावी लागते, अगदी पाळण्यापासून, आणि मापात. तेच एंडोटॉक्सिन जिनिंगच्या शेडमध्ये रुईच्या धुळीतून भसाभस छातीत गेलं की राखण करत नाही, सूज आणतं. सूतगिरण्यांतल्या कामगारांना सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते. त्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात आणि तो दमा नव्हे. जिनिंगवर कामाला जाणाऱ्या बायाबापड्यांच्या केसपेपरवर सरसकट ‘दमा’ लिहायच्या आधी एवढं विचारा, त्रास कामाच्या कुठल्या दिवशी जास्त होतो. आणि गोठा असला तरी त्याच घरात चुलीवर पऱ्हाट्यांचा धूर असेल, बाप विडी ओढत असेल, तर गोठ्याचं पुण्य पुरत नाही.

यावरून तारखेचं आठवलं. जागतिक दिन मेमध्ये आहे म्हणून आपणही मेमध्येच शिबिर भरवायचं, हे कुणी सांगितलं? आपल्याकडे छात्या भरतात त्या कार्तिकापासून. घरात कापूस, जिनिंग सुरू, नंदुरबारकडे मिरचीच्या पथाऱ्या लालेलाल, थंडी आणि सर्दी. पंपाला सूज उतरवायला काही आठवडे लागतात, तेव्हा शिबिर नवरात्राच्या आगेमागे हवं. कोजागिरीला खिरीतून दम्याचं औषध घ्यायला माणसं कोसन् कोस जातात, मृगाला मासा गिळायला रेल्वेनं थेट हैदराबाद गाठतात. त्यांना हसू नका. एका ठरलेल्या दिवशी, सगळ्यांसोबत, न लाजता दम्याचं औषध घेता येतं, हे त्यांना तिथं मिळतं. भाचीला साड्यांखाली लपवावा लागणारा पंप कोजागिरीच्या मांडवात चारचौघांत काढता आला, तर मला खीरही चालेल.

आणखी एक मागणं, तेही अवघड नाही. शिबिरानंतर महिन्याभरानं तीच माणसं पुन्हा बोलवा आणि फक्त पंपाची खिडकी बघा. तपासणी नको, मशीन नको, भाषण नको. आकडा कमी झाला नसेल तर का नाही, ते विचारा. आशाताईंना हे घरी जाऊनही जमेल, थर्मामीटर वाचतात तसा आकडा वाचायचा. सरकारच्या २०२२ च्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ब्युडेसोनाइड (श्वासातून घ्यायचं स्टेरॉईड) आहे, सालब्युटामॉल (निळ्या पंपातलं औषध) आहे, तेव्हा हे कुणा बड्या शहराचं चोचलं औषध नव्हे. जनऔषधीच्या दुकानात विचारा, नसेल तर मागवायला लावा. मेडिकलवाले भाऊ, तुमच्याकडं कुणी तिसऱ्या महिन्यात तिसऱ्यांदा नुसता निळा पंप मागायला आला, तर त्याला विचारा, ‘दुसरा कुठंय?’

बॅनरचा खर्च माझा. मजकूर मी लिहून ठेवलाय : ‘दम्यात ताकद कमी नसते, आतली सूज थांबत नाही. सूज थांबवणारा पंप रोज, गुळणी लगेच.’ अक्षरं लालऐवजी हिरवी चालतील. यापेक्षा बरं कुणाला सुचलं तर माझं खोडा, मला राग येणार नाही. फक्त ‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द त्यात नको, आणि पावडरीचं टेबल मांडवाबाहेर हवं.

भाचीचा पंप आता स्वयंपाकघरात चहा-साखरेच्या डब्यांशेजारी असतो. काल खिडकीत ६४ होते. पाहुणे बघायला आले होते तेव्हा वहिनीनं तो उचलून आत न्यायला हात घातला, पोरीनं तो परत जागेवर ठेवला. पाहुण्यांतल्या मुलाच्या आईनं विचारलं, ‘हा कोणत्या कंपनीचा गं? माझा तर संपत आला.’

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका
तालुका अमळनेर